राखाडी पट्टी

बहिणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं काका स्वतःला सांगत असत. पण ‘राहून गेलं’ हा शब्दप्रयोग लबाड आहे, हेही त्यांना कळत होतं. राहून जातं ते विसरलेलं काम. हे पत्र टेबलावरच्या शब्दकोशाखाली होतं आणि शब्दकोश तर त्यांच्या हातात सारखाच असे.

पत्र अगदी लहान होतं. पुतण्याच्या मुलाच्या गणिताच्या वहीतून फाडलेला चौकटीचा कागद, आणि त्यावर बहिणीचं टपोरं, उजवीकडे चढत जाणारं अक्षर. “तुझ्या घरात पुस्तकांची एक खोली आहे. पुस्तकं जरा सरकून बसली तर तिथे माझी खाट मावेल का? नाही म्हणालास तरी चालेल. पण कळव.”

काकांनी त्याच दिवशी खोली मोजली होती. खाट मावत होती. भिंतीलगतचं एक कपाट बाहेरच्या खोलीत आणलं की खिडकीखाली चांगली ऐसपैस मावत होती. मग ते उत्तर लिहायला बसले आणि तिथेच सगळं अडलं. काकांनी उभं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवलेलं. दुसऱ्याचा मजकूर ते काना-मात्रेसकट सरळ करत, पण स्वतःची ओळ कागदावर उतरली की त्यांना ती चुकीचीच दिसे. ‘अवश्य ये’ लिहिलं, तर म्हातारपणी भाकरी थापायला कुणी हवंय म्हणून बोलावतोय असं वाटेल. ‘मावेल’ एवढंच लिहिलं, तर दुकानदारानं सांगितल्यासारखं वाटेल. ‘खोली तशी लहान आहे, पण’ यात तो ‘पण’ येईपर्यंत वाचणाऱ्याचं मन मोडलेलं असेल. शिवाय, आपण कोण तिला बोलावणारे? ती भरल्या घरात राहते. बायको गेल्यापासून एकट्यानं पुस्तकांत तोंड खुपसून बसलेला हा माणूस तिला काय देणार? आणि, हे ते फार हळू आवाजात स्वतःशी म्हणत, आपल्या शांततेचं काय?

असे कागद लिहिले गेले, खोडले गेले, फाडले गेले. उत्तर काही गेलं नाही.

मग पुतण्याचा फोन आला.

“काका, नाही म्हणायचं नाही! समुद्रकिनारी रिसॉर्ट बुक केलंय. आई, आम्ही, ताईकडचे सगळे, आत्या, तुम्ही. कुणी काही काम करायचं नाही. नुसतं लोळायचं!”

काका हो म्हणाले. समुद्राची त्यांना फार ओढ होती असं नाही. चिमीला प्रत्यक्ष भेटू आणि तोंडानंच सांगून टाकू, असा त्यांचा बेत होता. चिमी म्हणजे बहीण. बाकी सगळ्यांची ती आत्या. थोरल्या भावाच्या घरी, वहिनी आजारी पडल्या तेव्हा, ‘थोडे दिवस’ म्हणून गेलेली. टेलिफोन खात्यातली नोकरी त्यासाठी सोडलेली. वहिनी बऱ्या झाल्या, थोरला भाऊ गेला, त्याची दोन्ही मुलं, हा पुतण्या आणि पुतणी, आत्याच्या हाताखाली मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, आणि आता आत्याच्या मागे त्या मुलांची मुलं होती. थोडे दिवस अजून संपलेच नव्हते.

गाडीत ती सगळ्यात मागे बसली होती, चार पोरं, पाण्याच्या बाटल्या आणि उलटीसाठीच्या पिशव्या यांच्या मधोमध. काका पुढे, चालकाच्या शेजारी, मानाच्या जागी. मागे वळून बोलावं तर मान दुखत होती, आणि बोलण्यासारखं काही पोरांच्या आरडाओरड्यात सांगता येण्याजोगं नव्हतं.

रिसॉर्टच्या स्वागतकक्षात गार वारा होता आणि काचेच्या भांड्यात तरंगणारी फुलं होती. काउंटरवरच्या मुलीनं हसून प्रत्येकाच्या मनगटावर कागदी-प्लास्टिकची एक पट्टी चिकटवली. मोठ्यांना निळी, मुलांना पिवळी. आत्याची पाळी आली तेव्हा तिनं खालच्या खणातून वेगळं बंडल काढलं. आत्याला राखाडी पट्टी मिळाली.

काकांना ते दिसलं. पण दिसलेल्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. निळ्या पट्ट्या संपल्या असतील, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुपारी सगळे जेवायला निघाले. मोठं काचेचं दालन, बाहेर समुद्र, आत लांबलचक टेबलांवर झाकणं घातलेली चकचकीत भांडी. बाकीचे आत शिरले. आत्या सगळ्यात धाकट्याची चप्पल घालून मागून येत होती. दारावरच्या माणसानं तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं हात आडवा केला.

“मावशी, तुमचं जेवण मागच्या बाजूला. स्वयंपाकघराजवळून जायचं.”

धाकट्याचा हात तिनं पुतणीच्या हातात दिला. “याला भात कालवून दे, चावत नाही नीट,” एवढंच म्हणाली आणि वळून गेली.

टेबलाशी पुतण्या थाळीत मासा वाढून घेत होता. त्यानं पाहिलं. काकांची खात्री होती, त्यानं पाहिलं. मग तो माशाचे काटे फार काळजीपूर्वक काढू लागला.

थाळी तशीच ठेवून काका उठले आणि स्वागतकक्षाकडे गेले. वाटेत एका बाकावर चिमी बसलेली दिसली. धाकट्याची बाहुली जेवणघरात नेऊन देण्यासाठी ती कुणाची तरी वाट पाहत होती. काकांनी तिचा हात हातात घेतला. “बघू गं जरा,” म्हणाले. राखाडी पट्टीवर बारीक अक्षरं होती. आयुष्यभर छपाईचे उलटे खिळे वाचलेल्या डोळ्यांना ती वाचायला चष्मा लागला नाही.

‘मदतनीस.’

काकांना हायसं वाटलं! खरोखर हायसं वाटलं, आणि याच गोष्टीची पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. ही तर छपाईतली चूक. भलत्याच बंडलातली पट्टी. छापखान्यात अशा चुका रोज होत. एकाच्या लग्नाच्या पत्रिकेत दुसऱ्याची नवरी छापली जायची. चूक दाखवायची, बाजूला खूण करायची, दुरुस्त होते. काकांना येत असलेलं हे एकच काम.

“इथे एक चूक झालीय,” ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. “माझ्या बहिणीला मदतनिसाची पट्टी दिली गेलीय. निळी द्या.”

मुलीनं संगणकात पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. तिचं हसू जरासं आवरलं.

“चूक नाहीये काका. बुकिंग तसंच आहे.”

“तसंच म्हणजे?”

“मुलांबरोबर आलेली मदतनीस म्हणून नोंद आहे. त्यांना पोहायच्या तलावावर आणि समोरच्या जेवणघरात नाही जाता येत. मुलांच्या खोलीत जास्तीची गादी मिळते.” ती अवघडून थांबली. “मी फोनवर विचारलं होतं साहेबांना, घरातल्याच आहेत का म्हणून. ते म्हणाले, हो, घरातच असतात.”

घरातच असतात.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा वाक्प्रचार त्यांनी हजारदा तपासून पुढे पाठवला होता. तो खरा असतो, पायापासूनच सुरुवात होते, हे त्यांना त्या गार काउंटरपाशी पहिल्यांदा कळलं. म्हणजे छपाई बिनचूक होती. खिळे जुळवणारा जुळारी बिनचूक, यंत्र बिनचूक, शाई बिनचूक. मूळ लिहिणाऱ्यानंच तसं लिहून दिलं होतं! आणि कुणी? ज्याला या बाईनं अंगाखांद्यावर वाढवलं, ज्याच्या गोवराच्या तापात ही उशाशी बसून राहिली, त्या लेकरानं!

जेवणं आटपून मंडळी तलावाकाठी आली होती. पुतण्या लांब खुर्चीवर पाय पसरून पडला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याची बायको शेजारी अंगाला मलम चोळत होती. वहिनी सावलीला. पुतणी पाय पाण्यात सोडून बसलेली आणि जावई पाण्यात रबरी हंसावर तरंगत. काका बूट-मोजे घालून तिथे उभे राहिले. एवढ्या उघड्या अंगांत कसं बोलायला सुरुवात करावी, त्यांना कळेना. आवाज आला तो चिरकाच.

“आत्याच्या हाताला काय बांधलंय, ठाऊक आहे का तुला?”

“बँड आहे काका. सगळ्यांनाच आहे.”

“त्या पट्टीवर मदतनीस लिहिलंय.”

“हां, ते होय!” पुतण्यानं चष्मा कपाळावर सरकवला. “ते नुसतं कागदोपत्री हो. कॅटेगरी असते. मुलांबरोबर कुणी येणार असेल तर त्यात टाकता येतं. जरा स्वस्त पडतं, आणि मुलांच्या खोलीत झोपायची सोयही होते.”

“ती ‘कुणी’ नाहीये.”

“काका, शब्दात नका ना पकडू.”

“मग कशात पकडू? शब्द तू लिहिलास!”

जावई हंसावरून हसला. “काका, सुट्टीत तरी प्रुफं तपासू नका!” बाकीचेही हसले. वाईट हसू नव्हतं ते. घरातल्या एका चक्रम माणसाला हसतात तसं होतं. त्यानं तर काकांचा अधिकच तिळपापड झाला.

“अहो काका, आत्याबाईंना पाण्यात उतरायचं होतं कुठे?” सूनबाई म्हणाली. “कपडे तरी आणलेत का त्यांनी?”

“आणि तिला गर्दीत जेवायला आवडतच नाही,” पुतणी म्हणाली. “लहानपणापासून बघतेय मी. ती नेहमी सगळ्यांचं झाल्यावर जेवते.”

“आवडतं म्हणून?” काका ओरडले. खरंच ओरडले. पलीकडच्या छत्रीखालच्या अनोळखी जोडप्यानं मान वळवली. “सगळ्यांना वाढून उरलेल्या ताटाला आवड म्हणता तुम्ही? तिला विचारलंत कधी कुणी?”

पुतण्या उठून बसला. आता त्याचाही आवाज चढला. “काका, आम्ही तिला मागे घरी ठेवून आलो असतो तर? तेही तुम्हाला खटकलं असतं. घेऊन आलो, हे नाही दिसत!”

“तुझी पट्टी तिला दे आणि तिची तू बांध. जा मागे जेवायला. मग बोल कॅटेगरी.”

मग वहिनी बोलल्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. त्यांना ते जमत असे.

“भाऊजी, एवढी कणव आहे, तर इतकी वर्षं होतात कुठे? वन्संना आम्ही सांभाळलं. तुम्ही पुस्तकं सांभाळलीत.”

काकांना उत्तरं नेहमी नंतर सुचत. कुणी कुणाला सांभाळलं, वहिनी? हे त्यांना अर्धा रस्ता चालून गेल्यावर सुचलं, आणि ते तिथे फुलझाडांच्या कुंड्यांना उद्देशून मोठ्यानं बोलून गेले. माळ्यानं पाईप बाजूला घेतला.

मागचं जेवणघर म्हणजे पत्र्याची उतरती पडवी होती. लांब लाकडी बाकं, पाण्याचा पिंप, भिंतीवर पंखा. चालक, आया, कुणाकुणाचे स्वयंपाकी बसले होते. चिमी एका टोकाला जेवत होती, सावकाश, पाय एकावर एक टाकून. काका आत शिरू लागले तोच वाढप्यानं अडवलं.

“साहेब, तुमचं पुढे. इथे निळा बँड चालत नाही.”

“मला इथेच बसायचंय.”

“आम्हाला बोलणी बसतात साहेब.”

काकांनी पट्टी ओढली. ती तुटेना. दातांनी तोडायचा प्रयत्न केला, आणि कवळी हलली. शेवटी वाढप्यालाच दया आली. त्यानं दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणून कचकन पट्टी कापली.

“आता तुम्ही कोणच नाही साहेब.”

“मग कुठेही बसायला हरकत नाही,” काका म्हणाले आणि चिमीसमोर बसले.

ती हसत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. “बुटांसकट तलावावर गेला होतास ना? आयांनी सांगितलं. म्हणाल्या, एक म्हातारे आजोबा हंसाशी भांडतायत.”

“हसू नकोस चिमे. तुला माहीत आहे का, त्यानं तुला काय म्हणून—”

“मदतनीस. वाचता येतं मला. बांधतानाच वाचलं.”

“आणि गप्प बसलीस?”

“बसले.” तिनं ताट थोडं बाजूला सारलं. “सांगू का? पुढे जेवले असते तर चार पोरांची ताटं, त्यांचं सांडलेलं पाणी, आणि ‘आत्या, जरा हे दे’. इथे मला कुणी वाढलं. परत हवंय का, विचारलं. बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.” वाढप्यानं येऊन तिचं ताट उचललं. ती त्याच्याकडे बघत राहिली. “राग आला नाही, असं समजू नकोस. आलाय, आणि घरी गेल्यावर त्याचा कान धरून मी तो काढणार आहे. ते माझं काम, तू त्यात पडू नकोस. त्याचा कान कुठून धरायचा, ते मला माहीत आहे.”

“पण असं लिहायचं म्हणजे—”

“थांब.” तिचं हसू गेलं होतं. “त्याचा राग आला, पण तुझा जास्त आला. त्यानं मला चुकीचं का होईना, काहीतरी लिहिलं. तू तर काहीच लिहिलं नाहीस.”

काका पंख्याकडे पाहू लागले. तो गरगरत होता, पण वारा लागत नव्हता.

“लिहिलं होतं,” ते म्हणाले. “खूपदा लिहिलं.”

“मग कुठाय?”

“बरोबर जमत नव्हतं.”

“मी तुला शुद्धलेखन विचारलं होतं का रे?” ती बाकावर हात आपटून म्हणाली. शेजारचा चालक पाण्याचा पेला उचलून लांब जाऊन बसला. “खाट मावेल का, एवढं विचारलं होतं! रोज पोस्टमन यायचा. रोज मी दारात जायची, आणि सूनबाई म्हणायची, आत्याबाई, तुम्ही कशाला, पार्सल मी घेते. नाही म्हणायचं होतं तर नाही लिहायचं. मी रडले असते आणि कामाला लागले असते. पण तू लोंबकळत ठेवलंस. तिथे तलावावर जाऊन माझ्यासाठी भांडलास. मी सांगितलं होतं भांडायला? जे सांगितलं होतं ते केलं नाहीस!”

तिच्या मानेवरच्या शिरा उभ्या राहिल्या होत्या. लहानपणीही अशाच राहत. काकांना एकदम जाणवलं, की आपला तलावाकाठचा संताप किती सोपा होता. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक होती ती.

“मावते,” ते म्हणाले. “खिडकीखाली. मी मोजलंय. तू आजच त्यांना सांग—”

“तोंडी नको.”

“अगं, आता समोरच आहेस तर—”

“तोंडी नको म्हणते ना! मी काय सांगू त्यांना, काका म्हणाले? ते म्हणतील, काका काय, काहीही म्हणतात. आणि घरी जाऊन तुझंच मन फिरेल. मला माहीत आहेस तू. पत्र पाठव, पोस्टानं, माझ्या नावावर. त्या घरात नुसत्या माझ्या नावानं कधी काही येत नाही. येऊ दे एकदा. सगळ्यांसमोर उघडते.”

मग ती उठली. धाकटा झोपेला आला असेल, म्हणाली.

काका स्वागतकक्षात गेले. काउंटरवरच्या मुलीकडे कागद, पाकीट आणि तिकीट मागितलं. काचेच्या दाराशेजारच्या छोट्या टेबलावर बसले. पहिली ओळ लिहिली आणि सवयीनं पेन तिच्यावर उलटा फिरू लागला. ‘मी शुद्धलेखन विचारलं होतं का रे?’ काकांनी दात-ओठ खाऊन पुढची ओळ लिहिली.

“खाट मावते. कपाट मी बाहेर हलवतो. स्वयंपाक मला येत नाही, पण दोघांचं दोघं करू, तू एकटीनं करायचा नाहीस. मी फार बोलत नाही आणि पुस्तकं इकडेतिकडे पडलेली असतात, ते तुला सोसावं लागेल. मला भीती वाटते आहे, तरी ये. कधी निघणार ते कळव, न्यायला येतो.”

वाचून पाहिलं नाही. घडी घातली.

पाकिटावर तिचं पूर्ण नाव लिहिलं. ते लिहायला त्यांना आठवावं लागलं नाही, पण किती वर्षांत लिहिलं नव्हतं, हे अक्षर काढताना कळलं. खाली पत्ता. आतापर्यंत त्या घरी कुणीही तिला काही पाठवलं, की नावाखाली ‘द्वारा’ असे आणि पुढे पुतण्याचं नाव. काकांचा पेन तिथे आपोआप वळला. ‘द्वा’ लिहून झाला होता. त्यांनी तो गच्च काळा केला, कागद फाटेल इतका, आणि त्यापुढे थेट घराचा क्रमांक घातला.

पोस्टाची पेटी रिसॉर्टच्या फाटकाबाहेर, बसथांब्याला लागून होती. वाळूवर घरची मंडळी फोटोसाठी गोळा होत होती. पुतण्यानं काकांना पाहिलं आणि दोन्ही हात हलवले. मघाचं भांडण झालंच नव्हतं जणू.

“काका! या ना! सगळे हवेत फोटोत!”

“आत्या कुठाय?” काकांनी तिथूनच विचारलं.

“ती घेतेय ना फोटो!”

काकांनी पाहिलं. चिमी सगळ्यांपासून लांब, उन्हात, एका हातात झोपाळलेला धाकटा आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभी होती. निळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांचे हात एकमेकांच्या खांद्यांवर टाकून सगळे तिच्याकडे पाहून हसत होते. काकांच्या तोंडून जे निघालं, ते छापण्याजोगं नव्हतं, आणि ते त्यांनी जन्मात पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. मग फाटकाबाहेर पडून ते पेटीपाशी गेले. पाकीट फटीत घातलं. अर्धं आत गेल्यावर बोटांनी ते धरून ठेवलं. ‘भीती वाटते’ हे लिहायला नको होतं का? ‘दोघांचं दोघं करू’ हे वाक्य तरी बरोबर आहे का? दोघांचा स्वयंपाक दोघांनी—

त्यांनी पाकीट सोडलं. आत कुठेतरी खाली ते पडल्याचा आवाज आला.

मग त्यांनी त्या फटीत हात घालून पाहिला. जात नव्हता.